जहाज थांबल्यावर पट्टीनं काय करावं

हारियाटा प्रीस या बाईंचं पत्र मला आलं, त्याला दीड वर्ष होऊन गेलं. मी त्यांना उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र लहान होतं, अक्षर मोठं आणि सुटं, आणि त्यात प्रश्न एकच होता. एका प्रश्नाला उत्तर द्यायला एवढा वेळ का लागावा, हे मला सांगता येईल. नीट सांगता येईल की नाही, याची मात्र खात्री नाही.

बाई न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरच्या शाळेत संगणक शिकवतात. त्यांनी लिहिलं होतं, की त्यांच्याकडे जहाज येतं, पण धक्क्याला कधी लागेल याचा नेम नसतो. लोक लांबून, खराब रस्त्यानं मेंढ्या जहाजावर चढवायला घेऊन येतात. वारा सुटला की जहाज बाहेरच थांबतं आणि मेंढ्या धक्क्याजवळच्या कुंपणात चाऱ्याविना उभ्या राहतात. एका खलाशानं त्यांना सांगितलं होतं, की नॉरफोक बेटावर एक गृहस्थ आहेत, त्यांनी वेबसाइटवर एक पट्टी केली आहे; जहाजातला माल जसजसा उतरतो तसतशी ती भरत जाते. तशी पट्टी बाईंनाही करायची होती. ‘बाकीचं मी जमवीन,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘मला एवढंच सांगा, जहाज थांबतं तेव्हा तुमची पट्टी काय करते?’

पत्र आलं त्या दिवसांत माझी पट्टी जहाज थांबलं तरी चालत होती. म्हणून मी उत्तर लिहिलं नाही.

माझं नाव एल्विन नॉब्स. पण आमच्या बेटाच्या फोनच्या पुस्तकात मी ‘पुटपुट’ या नावाखाली सापडतो, कारण वाचताना माझे ओठ हलतात. आमच्याकडे आडनावं थोडी आणि माणसं त्याच आडनावांची, त्यामुळे पुस्तकात टोपणनावंच छापतात. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालो. मला माणसांत मिसळता येत नाही. गाडी चालवतानासुद्धा समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हात करावा लागतो, तो आमचा रिवाज आहे, आणि मी हात कधी जरा लवकर करतो, कधी माणूस निघून गेल्यावर. म्हणून मी बहुतेक चालतच जातो आणि खाली बघतो. शाळेत संगणक आले तेव्हा त्यांची पुस्तकंही आली. बाकी कोणी ती उघडली नाहीत, म्हणून मी उघडली, आणि त्यातून वेबसाइट करायला शिकलो. बरा शिकलो असं मला अजूनही म्हणवत नाही.

आमच्या धक्क्याला जहाज लागत नाही. ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकतं. मग आमचे लोक पडाव, म्हणजे माल वाहायची उघडी होडी, घेऊन जातात, त्यात माल भरतात, लाँच तो पडाव ओढत धक्क्याशी आणते आणि क्रेन माल वर उचलते. एका जहाजाला असे कितीतरी पडाव लागतात. समुद्र शांत असला तर काम भराभर होतं. लाटा उठल्या की पडाव धक्क्यावर आपटायला लागतो. मग काम थांबतं, तासभर, दिवसभर, कधी चार-चार दिवस. पीठ, खत, फ्रीज, खिळे, शाळेच्या वह्या, सगळं तिकडे जहाजाच्या पोटात असतं आणि आम्ही इकडे.

त्या दिवसांत धक्क्याच्या मुकादमाला सगळं बेट फोन करायचं. मुकादम डॅरिल क्विंटल. त्याचा आवाज असा की लाँचवरच्या माणसाशी तो धक्क्यावरून बोलतो. फोनच्या पुस्तकात त्याचं नाव ‘भोंगा’ आहे. एक दिवस तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “काका, तुम्ही ते संगणकाचं काहीतरी करता म्हणे. मला वाचवा. दिवसभर लोक विचारतात, माझं आलं का, माझं आलं का. माझा एक हात दोरावर आणि एक फोनवर. समुद्रात पडेन एक दिवस.”

तर मी पट्टी केली. एक पडाव रिकामा झाला की भोंगा मला फोन करी, “एक झाला,” आणि मी ते टाइप केलं की पट्टी तेवढी पुढे जाई. सोपं होतं. पण पट्टी उडी मारायची आणि मग कितीतरी वेळ पडून राहायची. लोकांना ते पटलं नाही. माझी मावसबहीण मर्ल स्नेल, तिच्या नारळ भरून भाजलेल्या ‘पाय’ची बेटावर ख्याती आहे, ती मला म्हणाली, “एल्विन, तुझी पट्टी मेली आहे का झोपली आहे, हेच कळत नाही. मी तिला चार वेळा बंद करून पुन्हा लावली.”

“माल येईल तेव्हा ती हलते, मर्ल.”

“मग माझी मांजरसुद्धा तेवढं करते. खायला आणलं की हलते.”

मी पुस्तकांकडे वळलो. मला दुसरं काही सुचतच नाही. तिथे वाचलं, की या विद्येत पट्टीला बातमीची वाट बघत ठेवत नाहीत. माणूस न हलणाऱ्या पट्टीकडे बघून वैतागतो, म्हणून पट्टी घड्याळावर चालवायची. आतापर्यंतच्या वेगावरून अंदाज बांधायचा आणि बातमी नसली तरी तिला केसकेसभर पुढे सरकवत ठेवायचं. सुरुवातीला जरा जलद, मग हळू, मग आणखी हळू. दर वेळी उरलेल्या अंतराचा थोडा भागच चालायचं, म्हणजे ती शेवटाजवळ जात राहते, पण खरी बातमी येईपर्यंत शेवट गाठत नाही. आणि अंदाज पुढे गेला, खरं मागे राहिलं, तर खऱ्यानं गाठेपर्यंत तिथेच रेंगाळायचं. पट्टी कधीही मागे न्यायची नाही. हे वाचून मला फार आनंद झाला. त्यात एक नजाकत होती. मी तसं केलं, आणि पट्टी वाहत्या मधासारखी जाऊ लागली.

बेटावर सगळे खूश झाले. मर्लनं स्वयंपाकघरात संगणक आणून ठेवला, पीठ मळता मळता बघायला. दुकानात अनोळखी बाईनं मला थांबवून सांगितलं, की पट्टी बघत बसलं की बरं वाटतं. घरी जाईपर्यंत मी ते मनात घोळवत राहिलो. ज्या घरांत मी कधी गेलो नव्हतो आणि बोलावलं तरी गेलो नसतो, त्या घरांत माझी पट्टी टेबलावर होती. माझ्यासारख्याला माणसांत राहण्याची हीच रीत जमण्यासारखी होती.

त्याच सुमारास बाईंचं पत्र आलं. मी कागद घेतला आणि लिहिलं, ‘जहाज थांबतं तेव्हा आमची पट्टी’, आणि पुढे काय लिहावं ते कळेना. ‘हळू चालते’ हे खरं होतं. पण कुंपणातल्या मेंढ्यांना हळू चालणाऱ्या पट्टीचा काय उपयोग, हे मला कळत होतं. मी कागद बाजूला ठेवला. मग ‘आधी चूक काय ते समजू दे’ असं म्हणत महिने गेले.

गेल्या नोव्हेंबरात, कापणीच्या आभाराचा सण तोंडावर आला असताना जहाज आलं. आमच्याकडे त्या दिवशी चर्चमध्ये मक्याची कणसं आणि भोपळे बांधतात आणि नंतर मोठं जेवण असतं, त्यामुळे जहाजात पीठ, लोणी, नवीन भांडी असलं पुष्कळ होतं. सकाळी समुद्र तळ्यासारखा होता. भोंग्याचे फोन लागोपाठ येत होते. पट्टी छान पळत होती, आणि माझ्या प्रोग्रामनं त्या वेगावरून अंदाज बांधला, की दुपारपर्यंत काम उरकेल.

जेवणाच्या सुमारास लाटा उठल्या. भोंग्यानं काम थांबवलं. त्यानं मला फोन केला नाही, कारण सांगण्यासारखं काही झालं नव्हतं. पडाव रिकामा झाला तर फोन करायचा, एवढंच आमचं ठरलेलं. पट्टी मात्र चालत राहिली, हळू, आणखी हळू, शेवटाच्या अगदी जवळ.

आता इथे आमच्या लोकांची एक गोष्ट सांगायला हवी, जी माझ्या ध्यानात आली नव्हती. धक्क्यावरची क्रेन जहाजाचं काम संपलं की मोकळी होते, आणि मग तिच्यानंच मासेमारीच्या होड्या पाण्यात उतरवतात. हळूहळू होड्यावाल्यांनी माझ्या पट्टीवरून समुद्र ओळखायला सुरुवात केली होती. पट्टी चालते आहे, म्हणजे लाटा नाहीत. पट्टी संपत आली आहे, म्हणजे क्रेन मोकळी होणार. पूर्वी हे लोक उठून टेकडीच्या कडेपर्यंत जात आणि पाण्याकडे बघत. आता ते चहा पिता पिता पट्टी बघत. आणि त्या दिवशी बेटावरच्या झाडून सगळ्या होड्यावाल्यांनी पट्टी बघून गाडीला ट्रेलर जोडले. त्यांच्या मागोमाग पीठ-लोणी न्यायला आलेल्या गाड्या.

दुपारी भोंग्याचा फोन आला. “काका, तुम्ही धक्क्यावर या.”

“काय झालं?”

“काही झालं नाही. तेच तर. काही झालेलं नाही आणि सगळं बेट इथे आलंय. या तुम्ही.”

निघण्यापूर्वी मी पट्टी ओढून खऱ्या जागेवर आणली. जे कधी करायचं नाही असं पुस्तकात होतं, तेच केलं, कारण दुसरं काय करावं सुचलं नाही. मग गाडी काढली. टेकडीवरून खाली जाणारा रस्ता अर्ध्यावर भरला होता. ट्रेलरमागे ट्रेलर, मधे दोन गायी, आणि गायींना आमच्याकडे कोणी हाकलत नाही. मी गाडी तिथेच सोडून चालत गेलो, आणि त्या सगळ्या गाड्यांतून मला एकेक जण हात करत होता.

एका होडीवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “पुटपुट, माल परत जहाजात चढवतायत का रे? आत्ताच फोनवर बघितलं, पट्टी मागे गेली.”

“नाही, म्हणजे ती आधी जास्त पुढे गेली होती.”

“बरं. मला वाटलं, आपलं काही पसंत नाही पडलं त्यांना.”

भोंगा क्रेनच्या पायाशी उभा होता. समोर लाटा धक्क्यावर चढून पांढऱ्या होऊन उतरत होत्या. तो आवाज खाली आणून बोलत होता. म्हणजे पहिल्या तीन गाड्यांना ऐकू येईल एवढाच.

“काका, ही काय जत्रा भरवलीत? माझा ट्रक वर अडकलाय. माल ठेवायला जागा नाही, माल न्यायला वाट नाही. आणि प्रत्येक जण मला येऊन सांगतो, तुझं काम तर संपलं ना. मी इथे सकाळपासून आहे, आणि हे मला सांगतात की माझं संपलं.”

“चूक माझी आहे, डॅरिल. पट्टी अंदाजानं चालते.”

“समुद्राचा अंदाज? माझ्या बापानं चाळीस वर्षं पडाव चालवला, त्यानं कधी अंदाज सांगितला नाही. विचारलं की म्हणायचा, बघू.” “मी तुम्हाला वाईट म्हणत नाही. पण पुढच्या जहाजाला असं झालं तर मी फोन करणं बंद करणार. पट्टी काढून टाका मग. लोकांनी मला फोन केलेले परवडले. मी त्यांना निदान खरं सांगत होतो.”

मी ‘बरं’ म्हणालो. पट्टी गेली तर माझं काय जाईल, हे त्याला सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते मला नीट सांगताही आलं नसतं. निघून जावंसं वाटत होतं, पण माझी गाडी आता चार ट्रेलरच्या मधे होती. त्यामुळे मी थांबलो. सगळेच थांबले.

आणि मग मला एक विचित्र गोष्ट दिसली. कोणी वैतागलं नव्हतं. लोकांनी ट्रेलरच्या कडांवर बैठक मारली होती. मर्लनं गाडीतून रताळ्याची वडी काढली होती, तिला आमच्याकडे पिल्ही म्हणतात, आणि थर्मासमधला चहा. पोरं खेळत होती. मधेच कोणी मागून यायचा आणि विचारायचा, “काय चाललंय?” पुढचा पाण्याकडे बघून सांगायचा, “मोठ्या येतायत अजून.” आणि विचारणारा ‘बरं’ म्हणून खाली बसायचा. झालं त्याचं समाधान. पाण्यात काही हलत नव्हतं, पडाव बांधून ठेवला होता, काम एक इंच पुढे सरकत नव्हतं, आणि तरी कोणाला ते मेलेलं वाटत नव्हतं.

मर्लनं मला चहा दिला. “बस. उभा राहून तू काही लाटा खाली दाबणार नाहीस.”

“मर्ल, तू रागावली नाहीस? तुझं लोणी आत अडकलंय.”

“लाटा आहेत तर लोणी कसं येईल?”

“पण घरी पट्टी जराशी थांबली तर तू मला बोल लावले होतेस.”

“घरी कळत नाही ना का थांबली ते. इथे दिसतं. तुझी पहिली पट्टी मुकी होती. आणि ही दुसरी, एल्विन, ही तर त्या विमा विकणाऱ्या माणसासारखी आहे. काहीही विचारा, हसते आणि पुढे सरकते.”

मी चहा संपवला आणि भोंग्याकडे गेलो. इतक्या लोकांसमोर आपण होऊन कोणाकडे जायची माझी पद्धत नाही. मी म्हणालो, “डॅरिल, पडाव रिकामा झाला की फोन करतोस, तसा काम थांबलं की करशील?”

“थांबल्यावर काय सांगू? थांबलं म्हणून?”

“का थांबलं ते. एक शब्द पुरे. तो मी पट्टीखाली लिहीन.”

“आणि पट्टी?”

“पट्टीही थांबेल.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं तो नाही म्हणणार. मग तो म्हणाला, “एका जहाजापुरतं. आणि ते मागे जाणं बंद करा, काका.”

घरी आल्यावर मी प्रोग्राममधला घड्याळाचा सगळा भाग काढून टाकला. काढताना वाईट वाटलं, हे कबूल करायला हवं. तो भाग मी लिहिलेल्यात सगळ्यात सुबक होता. आता पट्टी फक्त बातमी आली की सरकणार होती. पण सरकतानाही किती वेळ घ्यायचा, हा प्रश्न होताच. एकदम उडी मारली तर डोळ्याला दिसत नाही, माणसाला वाटतं आपण काही चुकीचं दाबलं. फार सावकाश गेली तर पुन्हा तीच मधाची धार. मी भोंग्याला बोलावलं. तो माझ्या टेबलाशी बसला, खुर्ची त्याला लहान पडत होती, आणि मी त्याला एकेक वेग दाखवला.

“हे काय, रांगतेय,” तो म्हणाला. “आमची पोरं रांगत नाहीत, काका.”

मी वेग वाढवला.

“आता पळाली. कोणी म्हणेल माल फेकतायत.”

आणखी थोडं कमी-जास्त करून एक वेग झाला. पट्टी निघताना जरा जड निघायची, मधे मोकळी व्हायची आणि जागेवर हळूच टेकायची. त्यानं ते तीन वेळा चालवून बघितलं.

“हां,” तो म्हणाला. “क्रेनवरून पेटी अशी खाली ठेवतात. नवशिक्या आपटतो.”

मी तो आकडा तसाच ठेवला.

जानेवारीत पुढचं जहाज आलं. सकाळी तीन-चार पडाव झाले आणि फोन आला. “लाटा,” भोंगा म्हणाला आणि फोन ठेवला. मी टाइप केलं. पट्टी जिथे होती तिथे थांबली आणि तिच्याखाली एकच शब्द आला.

मी समोर बसून राहिलो. फोनची वाट बघत होतो, भोंग्याच्या नाही, बाकीच्यांच्या. कोणीतरी म्हणणारच, की पुन्हा मेली. तास गेला. पट्टी डावीकडे तेवढीच भरलेली आणि पुढे सगळी कोरी. आणखी अर्ध्या तासानं शब्द बदलला, कारण भोंग्यानं फोन करून ‘चहा’ सांगितलं होतं. मग पुन्हा ‘लाटा’. दुपार झाली. घड्याळाचा जुना भाग मी फेकून दिला नव्हता, बाजूला ठेवला होता. तो परत जोडायला दोन मिनिटं लागली असती. अगदी थोडंसं सरकवलं तर, अगदी केसभर, लोकांना बरं वाटेल, कोणाला कळणारही नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. मी तो भाग उघडलासुद्धा.

तेवढ्यात फोन वाजला. मर्ल होती.

“एल्विन, थांबली आहे.”

“हो. मला माहीत आहे. लाटा आहेत, मर्ल, मी काही करू...”

“अरे, तेच सांगतेय. थांबली आहे. मी भाजायचं ते ओव्हनमध्ये टाकलं आणि बाहेर कुंपणाच्या तारा बांधायला बसले. आज कोणी येणार नाही लोणी घेऊन, ते कळलं ना. छान थांबली आहे.”

मी जुना भाग बंद केला आणि पुसून टाकला.

संध्याकाळी भोंग्याचा फोन आला, या वेळी एका शब्दाचा नव्हता. “आजचं बंद. उद्या पहाटे बघू. लिहा तसंच.” मी ‘उद्या बघू’ लिहिलं. दुसऱ्या दिवशीही लाटा होत्या. तिसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, “अजून आहेत, पण कालच्यापेक्षा आळशी.” मी एकच शब्द मागितला होता, पण हे मला गाळवेना, जसंच्या तसं लिहिलं. त्यानंतर तो असंच सांगायला लागला. ‘दोर बदलतोय.’ ‘लाँचचा चालक जेवतोय, त्याला विचारू नका.’ ‘एक कासव पडावाला टेकलंय, ते जाईपर्यंत.’ बेटावर सगळे ते वाचू लागले. मर्ल म्हणाली, “हा भोंगा इतकं हळू बोलतो, हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.”

चौथ्या दिवशी समुद्र बसला आणि पट्टी निघाली, एकेक पडावाची एकेक ढांग. ती भरेपर्यंत धक्क्यावर एकही ट्रेलर आला नाही. भरल्यावर सगळे आले.

त्या आठवड्यात भोंगा मला दुकानाबाहेर भेटला. मी खाली बघून चाललो होतो.

“काका, पट्टी काढायची नाही,” तो म्हणाला. रस्त्यापलीकडच्यांनी वळून बघितलं.

“नाही काढत.”

“पण चार दिवस धक्का इतका रिकामा होता, मला करमेना. चहा एकट्यानं प्यायचा म्हणजे काय.”

“मी येत जाईन,” मी म्हणालो, आणि मग मला वाटलं, आपण हे उगाच बोललो, तो आता खरंच वाट बघेल. तो खरंच वाट बघतो. काम थांबलं की आता मी पुष्कळदा खाली जातो. बातमी धक्क्यावरूनच फोनवर टाइप करतो. फार बोलत नाही. तिथे फार बोलावं लागत नाही.

त्यानंतर मी बाईंच्या पत्राला बसलो. सुरुवातीला तीन पानं झाली. उशिराबद्दल माफी, पट्टीचा सगळा इतिहास, पुस्तकांचे दाखले. वाचून बघितलं तर मेंढ्या तोपर्यंत उपाशीच. मी ती पानं बाजूला केली आणि पुन्हा लिहिलं:

‘प्रिय बाई, जहाज थांबतं तेव्हा आमची पट्टीही थांबते. का थांबली ते एका शब्दात तिच्याखाली लिहावं. तो शब्द संगणकाला शोधायला लावू नका, धक्क्यावरच्या माणसाला फोन करून विचारा. अंदाजानं पट्टी पुढे नेऊ नका. मी नेली होती, तर आमच्या होड्यावाल्यांनी तिच्यावरून समुद्र ओळखायला घेतला. तुमचे लोक तिच्यावरून वारा ओळखतील. सरकताना तिला दीड सेकंद द्या, सुरुवात जड आणि शेवट हलका. हा वेग आमच्या मुकादमानं ठरवला आहे, मी नाही. सगळा प्रोग्राम सोबतच्या पत्त्यावर ठेवला आहे, हवा तसा वापरा. त्यात चुका असतील. दिसल्या तर कळवा. उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही विचारलंत तेव्हा मला उत्तर माहीत नव्हतं.’

सही केली. ‘एल्विन नॉब्स’ च्या खाली कंसात ‘पुटपुट’ लिहिलं, कारण त्यांनी कधी फोन करायचा म्हटला तर सापडायला हवं.

टपाल कचेरीत काउंटरवर आयरिस बॅटाय होती. तिनं पाकीट तराजूवर ठेवलं. “चॅटम? तिकडे तुमचं कोण, एल्विन काका?”

“कोणी नाही. म्हणजे, एक शिक्षिका आहेत. कामाचं आहे.”

“आत काही नाजूक?”

“नाही. पण घाई आहे.”

“विमानानंच जाईल. ऑकलंडपर्यंत तरी लवकर. पुढे त्यांचा वारा.” तिनं तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.

मला तेवढ्यात आठवलं, की पत्त्यात बाईंच्या आडनावाचं स्पेलिंग मी दोनदा तपासलं नव्हतं, एकदाच. “आयरिस, ते जरा परत मिळेल का? एक गोष्ट बघायची आहे.”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्हाला परत दिलं तर ते पुन्हा येणार नाही, मला माहीत आहे. पुढचे कोण?”

माझ्या मागे मर्ल होती, हातात एक मोठा खोका घेऊन. मी बाजूला झालो आणि तिला वाट दिली. पत्र गेलं.